गब्बरचे दोन शेवट

‘शोले’च्या शेवटी गब्बरसिंगचं काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पाराखाली बसलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल: ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो, आता संपवणार इतक्यात पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला बेड्या पडतात. १५ ऑगस्ट १९७५ला चित्रपट लागला तेव्हापासून लोकांनी हेच पाहिलं. पण रमेश सिप्पींनी आधी चित्रित केला होता तो शेवट हा नव्हे. त्यात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते. निवृत्त पोलीस अधिकारी स्वतःच सूड घेतो हे सेन्सॉर बोर्डाला मान्य झालं नाही, म्हणून पोलिसांच्या आगमनाचा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. पहिला शेवट पुढे व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडींवरून चोरपावलांनी फिरत राहिला. ज्यांनी तो पाहिला होता ते इतरांना ऐटीत सांगायचे. ऐकणारे म्हणायचे, काहीही सांगू नकोस.

२०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन-दुरुस्ती केलेला ‘शोले’ दाखवला गेला. त्यात तो जुना, कापलेला शेवट परत आला होता. डिसेंबरमध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांतही लागला. त्याच वर्षी १ ऑगस्टला दुसरी एक गोष्ट घडली. २०१३च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ पुन्हा प्रदर्शित झाली, आणि तिचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा कुंदन या आवृत्तीत जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीरपणे नापसंती कळवली. हक्क ज्या कंपनीकडे होते तिने हा आपला अधिकार असल्याचं सांगितलं.

एकाच वर्षात एका खलनायकाला मारलं गेलं आणि एका नायकाला जगवलं गेलं. पहिल्या बदलाचं आपण स्वागत केलं आणि दुसऱ्यावर चिडलो. का? दोन्हीकडे पडदा तोच, नाव तेच, तिकीटही तसंच काढलेलं. बदललेला शेवट चालतो की चालत नाही, हे ठरवायचं कशावर?

तीन मुळं

सोपं उत्तर असं की ‘शोले’त मूळ परत आलं आणि ‘रांझणा’त मूळ मोडलं. पण ‘मूळ’ म्हणजे काय म्हणायचं, ते जरा थांबून पाहायला हवं. चित्रपटाला निदान तीन मुळं असतात. एक, करणाऱ्याच्या मनात होतं ते. दुसरं, पहिल्यांदा पडद्यावर आलं ते. तिसरं, पाहणाऱ्याच्या आठवणीत राहिलं ते. ‘शोले’त पहिलं मूळ उरलेल्या दोघांच्या विरोधात उभं आहे. गब्बरला अटक झाली, हे आता तीन पिढ्यांच्या स्मृतीचा भाग आहे. तो शेवट दबावाखाली झाला हे खरं, पण झाला हेही खरंच. आणीबाणीत सिनेमाचं काय झालं याचा तो स्वतःच एक दस्तऐवज आहे. उद्या फक्त गब्बर मरतो तीच आवृत्ती सगळीकडे राहिली, तर कलावंताला न्याय मिळेल आणि इतिहासातलं एक पान मात्र गळेल.

शिवाय दबावाखाली झालेलं सगळंच वाईट असतं असंही नाही. इमामाच्या मुलाचं, अहमदचं काम सचिन पिळगावकर यांनी केलं आहे. त्याच्या हत्येचं दृश्य चित्रपटातून कापलं गेलं. आपण पाहिला तो प्रसंग असा: गब्बर हातावर चालणारी मुंगी चिरडतो, आणि नंतर घोड्यावरून अहमदचा देह गावात येतो. एवढंच. जे दाखवलं नाही ते प्रेक्षकाने आपल्या मनात पूर्ण केलं, आणि मला वाटतं, म्हणून ते अधिक टोचलं. कात्री कोणाच्याही हाती असो, तिने एखाद्या वेळी कलेचं भलंही केलेलं असतं.

मूळ प्रतीची ही ओढ तशी शहरी आहे, हेही मान्य करायला हवं. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत सिनेमा पोचला तो बराचसा जत्रेतल्या तंबूतून. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातले हे फिरते टॉकीज शेवटच्या घटका मोजताना टिपले आहेत. तंबूत येणारी प्रत आधीच गावोगाव घासून आलेली असायची. रीळ तुटलं की दोन-चार फुटं कापायची, चिकटवायचं आणि पुढे चालवायचं. असं शंभर वेळा झालं की संवादाचं अर्धं वाक्य कायमचं जायचं. एका गावाने पाहिलेला सिनेमा आणि दुसऱ्या गावाने पाहिलेला सिनेमा यांत काही मिनिटांचा फरक पडायचा आणि कोणाची तक्रार नसायची. पुढे व्हीसीडी आल्या. दोन तबकड्यांत बसवायचा म्हणून गाणी गेली, टीव्हीच्या चौकोनात बसवायचा म्हणून पडद्याच्या दोन्ही कडा गेल्या आणि कडेला उभे असलेले नट पडद्याबाहेर फेकले गेले. वर कोपऱ्यात कंपनीचा ठळक शिक्का. आपल्यापैकी पुष्कळांचं जुन्या मराठी सिनेमावरचं प्रेम अशा छाटलेल्या प्रतींवर पोसलेलं आहे.

खुद्द निर्मात्यांनीही ‘एकच मूळ’ असं काही राखलेलं नव्हतं. ‘प्रभात’ने १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. १९३७चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, १९३९चा ‘माणूस’ ‘आदमी’ झाला. यांतलं कोणतं मूळ आणि कोणती प्रत, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोन्ही मूळच.

नारायणगावचा आक्षेप

हा सगळा विषय आमच्याकडे नारायणगावात एका संध्याकाळी निघाला. बोलणारे सगळे पन्नाशी ओलांडलेले आणि सिनेमाचे नादी. कोणी एकेकाळी कॅसेट लायब्ररी चालवलेला, तर कोणी ‘शोले’चे संवाद लग्नाच्या मांडवात भोंग्यावर ऐकून पाठ केलेला. एक जण हट्टाने म्हणत होता, की गब्बर मेला ते योग्यच झालं. दुसरा म्हणे, माझा गब्बर जेलात आहे आणि तो तिथंच राहणार. फडात उभा जन्म ढोलकी वाजवलेले एक तात्या कडेला चहा पीत ऐकत होते. ते म्हणाले, “तुमचं मला काय कळत न्हाई बघा. आम्ही एकच वग चाळीस वर्षं केला. एका रात्रीसारखा दुसऱ्या रात्री कधी झाला न्हाई. बदलला म्हणून कुणी भांडाया आलं न्हाई. उलट बदलला न्हाई तर भांडत्याल.”

हा आक्षेप बिनतोड वाटावा असा आहे आणि तो नारायणगावात यावा हेही साहजिक. गुढीपाडव्याच्या आसपास इथे तमाशाफडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. १९५७ आणि १९९०, अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेलेली विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावची. तमाशाची घडण पाहिली तर गण, गवळण, बतावणी, वग असा साचा ठरलेला. आत मात्र मोकळीक. सोंगाड्या ज्या गावात उभा आहे त्या गावच्या सरपंचाला, तिथल्या कांद्याच्या भावाला, आदल्या आठवड्यातल्या भानगडीला कथेत ओढून आणतो. वगातल्या राजाच्या दरबारात तलाठी यावा, यात कोणाला वावगं वाटत नाही. मग सिनेमालाच मूळ प्रतीचं सोवळं का?

तात्यांच्या बोलण्यावर त्या वेळी कोणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. नंतर विचार करताना दोन गोष्टी जाणवल्या.

पहिली अशी, की त्याच तमाशात आता हिंदी-मराठी सिनेमातली गाणी होतात, आणि तिथे प्रेक्षकाची मागणी नेमकी उलटी असते. वगात हवं ते बदला. पण सिनेमातली लावणी मात्र सिनेमात होती तशीच झाली पाहिजे. ठेका इकडचा तिकडे झाला तर शिट्ट्या पडतात. म्हणजे तोच प्रेक्षक, त्याच रात्री, एका गोष्टीला बदलण्याची मुभा देतो आणि दुसरीला देत नाही. तो गोंधळलेला नाही. कोणती गोष्ट कसला शब्द देऊन समोर आली आहे, हे त्याला कळतं. वग म्हणतो, ‘आज तुमच्यासाठी करतो.’ ध्वनिमुद्रिका म्हणते, ‘कधीही लाव, मी हीच असेन.’ सिनेमाही हाच शब्द देतो. बदलला की तो दिलेल्या शब्दाला फिरतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वगात बदल करणारा माणूस समोर उभा असतो. सोंगाड्याने वाह्यात जोड दिली तर लोक तिथल्या तिथे उठून जातात, ओरडतात, पुढल्या वर्षी सुपारी देत नाहीत. बदल करणारा, बदल सोसणारा आणि बदलाचा निवाडा करणारा हे तिघे एकाच मांडवात असतात. चित्रपटाच्या बदललेल्या प्रतीत बदल करणारा कुठेच दिसत नाही. नाव दिग्दर्शकाचं राहतं, चेहरा नटाचा राहतो आणि हात तिसऱ्याचा असतो. तो हात दिसत नाही म्हणून त्याला जाबही विचारता येत नाही.

मालक आणि कर्ता

इथे कोणी म्हणेल, मग कर्त्यालाच बदलू द्या. दिग्दर्शकाने स्वतः केला बदल तर अडचण काय? याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जॉर्ज लुकस यांनी १९७७चा ‘स्टार वॉर्स’ १९९७मध्ये बदलून पुन्हा आणला. नवी दृश्यं, नवे संगणकी प्राणी आणि एक छोटा पण कळीचा फेरफार. एका खानावळीत हॅन सोलो समोर बसलेल्या सुपारीबाजावर गोळी झाडतो. मूळ चित्रपटात सोलोच झाडतो, नव्या आवृत्तीत आधी समोरचा झाडतो. सेकंदभराचा बदल, पण माणूस बदलला. बेरकी, स्वतःपुरतं पाहणारा सोलो पुढे मित्रांसाठी जीव धोक्यात घालतो, ही त्याच्या प्रवासाची सुरुवातच सौम्य झाली. चाहते वर्षानुवर्षं भांडले. भांडण नुसतं गोळीचं नव्हतं. पुढच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवर बदललेली आवृत्तीच प्रमाण ठरली आणि १९७७ची प्रत चांगल्या रूपात मिळेनाशी झाली. शेवटी चाहत्यांनी जुनी छापील रिळं शोधून, स्कॅन करून, स्वतःच्या खर्चाने ती उभी केली. कायद्याने चोरी आणि भावनेने जतन, अशी विचित्र गोष्ट घडली.

विशेष म्हणजे याच लुकसनी १९८८मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याला कडाडून विरोध केला होता. उद्याची यंत्रं नटांचे चेहरे आणि संवादही बदलतील आणि मालकाला हक्क आहेत म्हणून वारसा विद्रूप होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. त्यांची बाजूही आहे: मी कर्ता आहे, काम अपुरं राहिलं होतं, ते मी पुरं केलं. पण वीस वर्षं लोकांच्या मनात वाढलेली कृती एकट्या कर्त्याची उरते का? मुलाचं नाव आई-बाप ठेवतात. तिशीतल्या मुलाचं नाव मात्र त्याला न विचारता बदलत नाहीत.

स्टीवन स्पीलबर्ग यांनी २००२मध्ये आपल्या ‘ई.टी.’त सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकी-टॉकी घातल्या. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि २०१२च्या ब्लू-रेवर १९८२चीच प्रत दिली. बंदुकीवरून त्यांचं मत फिरलं नव्हतं. १९८२मध्ये आपण कोण होतो, याचा पुरावा पुसायला नको, हे त्यांच्या लक्षात आलं.

आपल्याकडचा कायदा या प्रश्नाला अर्धंच उत्तर देतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम कर्त्याला एक खास हक्क देतं. कृती विकल्यानंतरही, तिची मोडतोड होऊन आपल्या प्रतिष्ठेला बाध येत असेल तर तो आक्षेप घेऊ शकतो. मन्नू भंडारींनी आपल्या ‘आपका बंटी’ कादंबरीच्या चित्रपटरूपाबाबत याच कलमाच्या आधारे लढा दिला आणि १९८६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या हक्काला वजन दिलं. पण त्या कादंबरीकार होत्या. चित्रपटाच्या बाबतीत कायद्याच्या व्याख्येत ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक त्या व्याख्येत नाही. ज्याच्याकडे पैसा तोच कर्ता, असा हा हिशेब. ‘रांझणा’च्या वादात दिग्दर्शकाचा राग खरा असूनही दुबळा का पडला, ते इथे कळतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. चित्रपटाचं स्वामित्व प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. तमाशातल्या स्त्रीची ही कथा पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालली. चित्रपटापुरतं बोलायचं तर त्याची मुदत २०१९अखेर संपली. ‘प्रभात’चे चित्रपट तर केव्हाच मोकळे झाले. आता त्यांचा रंग, चेहरे, शेवट काहीही बदलून ते तबकडीवर किंवा मोबाइलवर द्यायला मालकाची आडकाठी नाही आणि साधनंही स्वस्त आहेत. कायदा जिथे थांबतो तिथून पुढे फक्त आपली नीती उरते.

पुण्याचं उत्तर

या नीतीसाठी हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे हा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी हाताळला गेला आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२, म्हणजे १२९०मध्ये. तीनेकशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, भाबड्या भक्तांनी स्वतःच्या ओव्या घातल्या. १५८४मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथ स्वतः थोर कवी. चार ओव्या सुधारायचा मोह त्यांना होऊ शकला असता आणि त्या चांगल्याही झाल्या असत्या. त्यांनी उलट, यात आपली ओवी घालू नका, असा कडक इशारा देऊन ठेवला. स्वतःला सांगायचं होतं ते त्यांनी ‘एकनाथी भागवता’त, स्वतःच्या नावावर सांगितलं.

पण एकनाथांच्या प्रतीनंतर तीच प्रमाण झाली आणि त्याआधीच्या पोथ्या मागे पडल्या, हेही झालं. म्हणूनच १९०९मध्ये वि. का. राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली एक जुनी पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली, तेव्हा वाद झडले. शुद्ध करणाराही नकळत काहीतरी झाकतो. अगदी एकनाथांच्या हातूनही ते टळलं नाही.

या कोड्यावरचा सर्वांत परिपक्व तोडगा पुण्यातच निघाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि ती १९६६मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. जे सगळ्या परंपरांत सापडलं ते वर ठेवलं. बाकीचं फेकलं नाही, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथीत कसं आहे त्या खुणांसह छापलं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही आपल्या सर्वांची लाडकी कथा या कसोटीवर टिकली नाही. ती परिशिष्टात गेली. ओझर आणि लेण्याद्री अशी दोन अष्टविनायक स्थानं असलेल्या जुन्नर तालुक्यातल्या भाविकाला हे कदाचित रुचणार नाही. पण कथा कोणी नाहीशी केली नाही. पान उलटलं की ती तिथेच आहे. फक्त ती केव्हा आणि कुठे आली हे आता झाकलेलं नाही.

लेण्याद्रीलाच जाऊन पाहा. गिरिजात्मजाचं देऊळ ज्यात आहे ते सातवं लेणं मुळात बौद्ध विहार. मधे प्रशस्त दालन आणि कडेने भिक्खूंच्या खोल्या. कधीतरी त्याचं देऊळ झालं. मोठाच बदल. तरी त्या खोल्या आजही उघड्या आहेत, शेजारी चैत्य उभा आहे. डोळे असलेल्या माणसाला दोन्ही काळ एकाच वेळी वाचता येतात. खोल्या बुजवून, भिंती गुळगुळीत करून ‘हे पहिल्यापासून असंच होतं’ म्हटलं असतं तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून मला वाटतं, बदलाचा निवाडा करताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. बदल केला ते सांगितलं आहे का? ज्याने केला तो आपल्या नावाने उभा आहे का? आणि जुनं हवं असणाऱ्याला ते मिळतं आहे का? पहिल्या प्रश्नावर आजचे मालक सहज उत्तीर्ण होतात, कारण बदलच तर विकायचा असतो. दुसऱ्यावर अडखळतात. तिसऱ्यावर बहुतेक नापास होतात.

अपमान, आणि मातीचं विमान

यावर एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. जुन्या कृतीत कोणाचा अपमान असेल तर? व्ही. शांताराम यांचा १९७२चा ‘पिंजरा’ घ्या. आदर्श शिक्षक तमाशातल्या बाईच्या नादाने धुळीला मिळतो. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. चित्रपट विसरू म्हणता विसरता येत नाही. पण फडात राबून भावंडांची शिक्षणं करणाऱ्या, मुलांना वसतिगृहात ठेवून सात-आठ महिने गावोगाव फिरणाऱ्या बाईला तो पाहताना काय वाटत असेल? ती म्हणाली, हे काढा, तर तिला मूळ प्रतीचं पावित्र्य सांगायचं का?

सांगू नये. तिचं म्हणणं ऐकावं, ते प्रतीच्या सुरुवातीला, तिच्या नावासह छापावं. पण चित्रपटातून ते दृश्य काढलं तर तिच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावाच नाहीसा होईल. वीस वर्षांनी कोणी म्हणेल, तमाशातल्या बायकांना कुठे कोणी वाईट म्हणत होतं? दाखवा पाहू. डाग धुतला की घाव झालाच नव्हता असं म्हणायला माणसं मोकळी होतात. आणि उत्तर द्यायचा मार्ग ‘पिंजरा’नेच दाखवला आहे. त्याचं कथासूत्र १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून घेतलेलं. शांतारामबापूंनी तो जर्मन चित्रपट कापून-जोडून ‘सुधारला’ नाही. नवं नाव दिलं, नवी माणसं उभी केली, स्वतःच्या सहीने समोर आले. जर्मन चित्रपट आपल्या जागी शाबूत राहिला. ‘पिंजरा’ला उत्तर द्यायचं तर तेही असंच, दुसरी गोष्ट सांगून द्यावं.

दुसरा आक्षेप हौसेचा आहे. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये शेवटी वैकुंठाहून गरुडाचं विमान येतं. आजच्या मुलांना ते खेळण्यासारखं दिसतं. संगणकावर झकास करून दिलं तर अधिक मुलं पाहतील, असं म्हणणारे भेटतात. हेतू चांगला आहे. पण त्या दृश्यात तुकोबाइतकीच जिजाई महत्त्वाची आहे. संसाराचा गाडा ओढणारी, विठोबाला शिव्या घालणारी, मागे राहणारी. विमान खऱ्यासारखं झालं की डोळे वर खिळतात आणि जिजाई खाली राहते. विमानाचं ते मातीकामासारखं साधेपण तिच्या जगाशी जुळतं. एक बदललं की दुसरं हलतं, हे बदलणाऱ्याला आधी दिसत नाही. शिवाय त्या विमानात १९३६च्या पुण्यातल्या कारागिरांचे हात आहेत. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांना आग लागून कितीतरी ‘मुळं’ कायमची गेली. त्यानंतर उरलेल्याची किंमत वेगळी सांगायला नको.

याच चित्रपटाची आणखी एक गोष्ट माझ्या मताला छेद देते, म्हणून ती सांगायलाच हवी. त्यातली एक रचना शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिली. ती इतकी बेमालूम उतरली की जाणत्यांनाही ती तुकोबांचीच वाटली आणि ती भजनांत गेली. आजही कित्येक जण ती तुकोबांची म्हणूनच गातात. हा प्रक्षेपच झाला. सुंदर, प्रेमाने झालेला, लोकांनी आपलासा केलेला. याला चूक म्हणायची माझी तयारी नाही. एवढंच म्हणता येतं, की आठवल्यांचं नाव सांगितल्याने त्या रचनेचं सौंदर्य कणभरही कमी होत नाही. आणि गाथा वेगळी शाबूत आहे म्हणूनच आपण हा फरक करू शकतो. ती इंद्रायणीतून वर आलीच नसती, तर भर कोणती आणि मूळ कोणतं हे कोणी सांगितलं असतं?

आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारी कागदावर, एसटीच्या वेळापत्रकात, निवडणुकीत नाव चालू आहे. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, आंबेगाव असेलच कुठेतरी. धरण गरजेचं होतं की नव्हतं हा वाद वेगळा. त्याच्या पाण्यावर शेती उभी राहिली, हेही खरं. पण गाव गेलं हे जिथली माणसं उठली त्यांना ठाऊक आहे, आणि ती सांगतात तोवरच ते इतरांना ठाऊक राहील.

चित्रपटाच्या बदललेल्या प्रतीबाबत भांडणाऱ्या चाहत्यांना लोक हसतात. एका गोळीवरून, एका मुंगीवरून, एका शेवटावरून रात्र-रात्र वाद घालणारी ही रिकामटेकडी माणसं. पण नावाखालचं गाव अजून तिथे आहे ना, एवढंच ती पाहत असतात. गब्बर मरो किंवा जगो. दोन्ही शेवट एकाच डब्यात, आपापल्या तारखेसह आणि कारणासह ठेवा. कोणाला कोणता आपला वाटतो ते नारायणगावातले चहाचे कप ठरवतील.